पाकिटावरून तिकीट सोडवू नका

जुन्या घराची आवराआवर निघाली की माळ्यावरच्या ट्रंकेतून कुणा काकांचा नाहीतर आजोबांचा तिकिटांचा अल्बम बाहेर येतो आणि घरात एकदम कुजबुज सुरू होते. राणीच्या काळातली तिकिटं आहेत, म्हणजे लाखांत जात असतील! बहुतेक वेळा ती काहीशे रुपयांतही जात नाहीत. १८८० च्या दशकातलं व्हिक्टोरिया राणीचं अर्ध्या आण्याचं हिरवं तिकीट घ्या. साध्या पत्राला तेवढंच लागायचं, त्यामुळे ते कोट्यवधींनी छापलं गेलं. सव्वाशे वर्षांहून जुनं असूनही आज ते विक्रेत्यांच्या डब्यांत ढिगाने पडलेलं असतं. उलट १९४८ सालची, म्हणजे त्याहून कितीतरी तरुण अशी गांधीजींची चार तिकिटं २०१७ मध्ये लंडनच्या स्टॅनली गिबन्स या पेढीने पाच लाख पौंडांना विकली. तेव्हाच्या दराने चार कोटी रुपयांच्या आसपास.

तिकीट किती जुनं आहे, हा प्रश्न म्हणूनच फारसा कामाचा नाही. त्याच्या किती प्रती टिकल्या, कोणत्या अवस्थेत टिकल्या आणि त्या हव्या असणारे किती जण आहेत, हे तीन प्रश्न कामाचे. भारतीय तिकिटांच्या बाबतीत मी चौथाही एक जोडीन: ते तिकीट अजून आपल्या पाकिटावर आहे का?

सुरुवात सिंधपासून करावी लागते. ब्रिटनमध्ये १८४० साली चिकटवायचं पहिलं तिकीट निघालं. आशियात तो मान सिंधला मिळाला, १ जुलै १८५२ रोजी. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि तिथला कमिशनर होता बार्टल फ्रिअर. मराठी वाचकाला हा माणूस अगदीच अनोळखी नाही. सिंधला जाण्यापूर्वी तो सातारच्या दरबारी रेसिडेंट होता, आणि छत्रपतींचं राज्य खालसा झाल्यावर तिथला कारभारही त्यानेच पाहिला. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाला, आणि मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला गेला तो त्याच्याच कारकिर्दीत. सिंधमधलं टपाल सुधारताना त्याने अर्ध्या आण्याचं गोल तिकीट काढलं. त्यावर कंबरपट्ट्यासारखी गोल पट्टी, पट्टीत ‘सिंद डिस्ट्रिक्ट डाक’ अशी अक्षरं आणि मधोमध ईस्ट इंडिया कंपनीची व्यापारी खूण. राणीचा चेहरा नाहीच. कंपनी आपल्या मालाच्या गासड्यांवर जी खूण मारायची, तीच टपालावरही आली.

हे तिकीट तीन रूपांत मिळतं. एक पांढऱ्या कागदावर नुसतं उठवलेलं. शाई नाही, त्यामुळे मिणमिणत्या दिव्यात कारकुनाला ते दिसायचंच नाही. एक निळं. आणि तिसरं लाल, लाखेच्या पातळ चकतीवर उठवलेलं. लाख ठिसूळ. पाकीट वाकलं की तिकिटाला तडा जायचा, टपालाच्या थैलीत त्याचा चुरा व्हायचा. लाल ‘सिंद डाक’ आज अखंड मिळणं म्हणूनच नवलाचं, आणि संग्राहक एखाद-दुसरा तडा आनंदाने माफ करतात. एरवी किरकोळ घडीवरून नाक मुरडणारा हा पंथ इथे एवढा उदार होतो, कारण दुसरा इलाज नाही. आणखी एक सावधगिरी: या तिकिटाच्या नकला पूर्वीपासून आहेत आणि पुष्कळ आहेत. सुटं ‘सिंद डाक’ कुणी स्वस्तात देऊ केलं, तर ते खोटं समजूनच पुढे चालावं.

१ ऑक्टोबर १८५४ पासून देशभर एकच दर लागू झाला. त्याआधी अंतरावर पैसे मोजावे लागत. आता पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते पुण्याहून मुंबईला जावो की पेशावरला. अर्ध्या तोळ्याला एक आणा, तोळ्याला दोन. आधी पैसे न भरता, ‘बेरिंग’ टाकलेल्या पत्राला दुप्पट. हे दर आपल्याला पुढे लागणार आहेत.

या दरांसाठी लागणारी तिकिटं कलकत्त्यातच छापायचं ठरलं. सर्वेक्षण खात्याच्या छापखान्यात कॅप्टन थुलियर हा अधिकारी शिळाछापावर प्रयोग करत बसला. पहिलं अर्ध्या आण्याचं तिकीट त्याने शेंदरी लाल रंगात छापलं. ती शाई विलायतेहून आलेली होती. ती संपली आणि देशी पर्यायाने शिळा खराब व्हायला लागल्या. मग अर्धा आणा निळा झाला आणि एक आणा लाल. त्या पहिल्या शेंदरी छपाईला संग्राहक ‘साडेनऊ कमानी’ म्हणतात, कारण राणीच्या चेहऱ्याच्या बाजूच्या नक्षीत कमानींची संख्या तेवढी भरते; नंतरच्या निळ्या तिकिटात त्या आठच आहेत. भिंग घेऊन कमानी मोजणारी माणसं विक्षिप्त वाटतील, पण त्या दीड कमानीच्या फरकावर किमतीत मोठी तफावत पडते.

१८५४ च्या या तिकिटांना कडेची भोकं नव्हती. ताव घ्यायचा आणि कात्रीने कापायचं. पेढीवरचा गुमास्ता घाईत असे. कात्री कधी चित्रात शिरे, कधी शेजारच्या तिकिटाचा तुकडा सोबत घेऊन येई. त्यामुळे या तिकिटाला चारही बाजूंनी मोकळी किनार असणं हीच मोठी गोष्ट. एकाच साच्यातून निघालेली, एकाच दिवशी विकली गेलेली दोन निळी तिकिटं समोर ठेवा. एकाची किनार चारही बाजूंना शाबूत, दुसऱ्याच्या उजव्या अंगाला कात्री चौकटीत घुसलेली. पहिल्याला भरघोस किंमत येईल, दुसरं नवशिक्याच्या अल्बममध्ये जागा भरायला जाईल.

आणि मग चार आण्यांचं तिकीट. माझ्या मते भारतीय तिकिटांतलं हे सर्वांत देखणं. अष्टकोनी लाल चौकट, आत निळं राणीचं मस्तक. दोन रंगांचं टपाल तिकीट जगात त्यापूर्वी फारसं कुणी काढलेलं नव्हतं. दोन रंग म्हणजे कागद यंत्राखाली दोनदा घालायचा, आधी लाल चौकटी आणि मग निळी मस्तकं. पहिल्या छपाईत एका तावात बाराच तिकिटं होती, त्यांच्यामध्ये नागमोडी निळ्या रेषा. या कामात केव्हातरी ताव उलटा घातला गेला आणि लाल चौकटीत राणी शीर्षासन करत बाहेर पडली. छापखान्यात ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, टपाल कचेरीतही नाही. विकणाऱ्याने विकलं, घेणाऱ्याने चिकटवलं, टपालवाल्याने शिक्का मारला. आज जगभरात अशा तीसेक प्रती माहीत आहेत.

त्यांचीही एक शोकांतिका आहे. तिकीट अष्टकोनी, त्यामुळे ते चौकोनी कापण्याऐवजी नीट कडेकडेने अष्टकोनी कापण्याचा मोह लोकांना होई. ज्यांनी हौसेने असं कापलं, त्यांनी तिकिटाची बरीचशी किंमत कापून टाकली. चौकोनी राहिलेली उलटी मस्तकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. पाकिटावर शाबूत असलेली त्याहून दुर्मीळ.

छपाई पुढे लंडनच्या ‘डी ला रू’ कंपनीकडे गेली आणि पुढची सत्तरएक वर्षं तिथेच राहिली. या काळात किमतीचा कस जलचिन्हावर लागतो. जलचिन्ह म्हणजे कागद बनतानाच त्यात उमटवलेली खूण. उजेडासमोर धरली तर कधी दिसते, कधी नाही. १८६५ पासून हत्तीचं मस्तक, १८८० च्या दशकापासून तारा. पाहण्याची रीत साधी आहे. काळ्या तबकडीत तिकीट पालथं ठेवायचं, वर बेंझिनचे दोन थेंब सोडायचे, आणि कागद ओला होताच खूण क्षणभर गडद उमटते. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ काडी ओढू नका, बेंझिन झटकन पेट घेतं.

याचा सर्वांत सोपा धडा आपल्या नाशिकने दिला आहे. १९२५ मध्ये नाशिकला सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि १९२६ पासून पंचम जॉर्जची तिकिटं तिथे छापली जाऊ लागली. चित्र जवळजवळ तेच, रंग तेच. लंडनच्या छपाईत एका तिकिटावर एक तारा येतो. नाशिकच्या कागदावर सगळीकडे ताऱ्यांची गर्दी असते. ज्याच्याकडे दोन्ही प्रकारची तिकिटं आहेत, त्याने ती एकदा तबकडीत घालून पाहावीत. पुस्तकातली दहा पानं वाचून जे कळत नाही ते मिनिटात कळतं. याच नाशिकच्या प्रेसमध्ये फाळणीनंतर भारतीय तिकिटांवर ‘पाकिस्तान’ ही अक्षरं छापली गेली, आणि पाकिस्तानची पहिली तिकिटं म्हणून ती सीमेपलीकडे रवाना झाली.

अवस्थेबद्दल बोलायचं तर भारतात पाऊस हा सर्वांत मोठा खलनायक. मागचा डिंक मूळचा, अखंड, हात न लागलेला असेल तर युरोपातला ग्राहक दुप्पट-तिप्पट मोजतो. इकडे चार पावसाळ्यांत डिंक पाघळतो, तिकिटं एकमेकांना आणि अल्बमच्या पानाला चिकटतात, कागदावर तांबूस ठिपके पडतात. एकोणिसाव्या शतकातलं भारतीय तिकीट निर्मळ डिंकासह मिळालं, तर ते बहुधा ताबडतोब बोटीने थंड देशात गेलेलं असतं. किंवा त्यावर नंतर कुणीतरी डिंक लावलेला असतो! हा उद्योगही जोरात चालतो. नवा डिंक, नवी भोकं, शिक्का रासायनिक द्रावणाने पुसून ‘कोरं’ केलेलं तिकीट: या तीन प्रकारच्या लबाडीने जेवढ्या संग्राहकांना गंडवलं, तेवढं नकली छपाईने गंडवलं नसेल.

इथवर सगळं सुट्या तिकिटाचं झालं. लहानपणी सगळ्यांनीच पाकिटावरचे तुकडे कापून कोमट पाण्यात टाकले आहेत. तिकीट सुटून वर येतं, वर्तमानपत्रावर वाळवायचं, अल्बममध्ये लावायचं. चालू तिकिटांपुरतं ते ठीक. जुन्या पत्राच्या बाबतीत मात्र ही कृती म्हणजे पुरावा धुऊन टाकणं आहे, कारण तिकिटाने काय काम केलं ते पाकिटावर लिहिलेलं असतं. कुठून निघालं, कोणत्या गावांवरून गेलं, किती वजनाला किती पैसे पडले, वाटेत बोट लागली का, पत्ता चुकला म्हणून परत फिरलं का. वर दिलेले दर इथे उपयोगी पडतात. पाव तोळ्याच्या दराने अर्ध्या आण्याचं एक तिकीट असलेली पत्रं भरपूर. दोन आण्यांचं हिरवं आणि अर्ध्या आण्याचं निळं शेजारी शेजारी असलेलं पाकीट मात्र लक्ष वेधून घेतं, कारण हा हिशेब नेहमीचा नाही.

शिक्क्यांची तर वेगळीच दुनिया आहे. १८५० च्या दशकात टपाल कचेऱ्यांना क्रमांक दिले गेले आणि शिक्क्यात गावाच्या नावाऐवजी आकडा येऊ लागला. एडन तेव्हा मुंबई सरकारच्या अखत्यारीत होतं, तिथे भारतीय तिकिटंच चालत. एडनचा क्रमांक १२४. म्हणजे अर्ध्या-एक आण्याच्या मामुली तिकिटावर १२४ हा आकडा वाचता आला, तर ते एडनला वापरलेलं भारतीय तिकीट ठरतं, आणि त्याचा ग्राहक वेगळा, भाव वेगळा. मस्कत, बुशहर, झांझिबार अशा ठिकाणीही भारतीय तिकिटं चालली. मुंबईचे पारशी संग्राहक जाल कूपर यांनी आरंभीच्या शिक्क्यांचं वर्गीकरण केलं, आणि आजही लिलावाच्या यादीत ‘कूपर टाइप’ म्हणूनच या शिक्क्यांची ओळख दिलेली असते. कमी पैशांत गंभीर संग्रह करायचा असेल, तर माझी पसंती इकडे. दुर्मीळ तिकिटं श्रीमंतांनी घ्यावीत; शिक्के ज्याला वाचता येतात त्याचे.

पाकीटच का जपायचं, याचं आणखी लख्ख उदाहरण १८ फेब्रुवारी १९११ चं. अलाहाबादच्या प्रदर्शनातून आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने साडेसहा हजारांच्या आसपास पत्रं घेऊन उड्डाण केलं, यमुना ओलांडून तो नैनीला उतरला. जगातलं हे पहिलं अधिकृत हवाई टपाल. त्यासाठी खास तिकीट काढलेलं नव्हतंच. पाकिटांवर सातव्या एडवर्डची रोजची तिकिटं होती, आणि त्यांवर विमानाचं चित्र असलेला गुलाबी-जांभळ्या शाईचा शिक्का. त्या पाकिटावरचं तिकीट सोडवून अल्बममध्ये लावलं, तर हाती उरतं एक मामुली एडवर्ड आणि वर गुलाबी शाईचा तुकडा.

संस्थानांच्या तिकिटांचा पसारा फार मोठा, इथे फक्त एकाच घरच्या उदाहरणावर थांबतो. पुण्याशेजारच्या भोर संस्थानाने १८७९ मध्ये स्वतःची तिकिटं काढली, अर्ध्या आण्याचं आणि एक आण्याचं, हाताने ठसा मारून उमटवलेली. १९०१ मध्ये पंत सचिव शंकरराव यांचं चित्र असलेलं आणखी एक निघालं. ही तिकिटं संस्थानाच्या हद्दीतच चालत. कोरी तिकिटं बाजारात अधूनमधून दिसतात. पण भोरमधून खरोखर टपालात गेलेलं पाकीट पाहायला मिळणं ही निराळीच गोष्ट, आणि या भागातल्या जुन्या वाड्यांतून ते अजून निघू शकतं असं मला वाटत राहतं. गोव्याची गोष्ट वेगळ्या वळणाची. पोर्तुगीज भारताची तिकिटं १८७१ पासून, किंमत रेइशमध्ये, सुरुवातीची छपाई तिथल्या तिथेच केलेली आणि म्हणून ओबडधोबड. त्यांचे बारकावे इतके की त्यात शिरलेला माणूस दुसरं काही गोळा करत नाही.

आता ते चार कोटींचे गांधीजी. स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवशी, १५ ऑगस्ट १९४८ ला, चार तिकिटांचा संच निघाला: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छपाई स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिए कंपनीची. नाशिकला स्वतःचा प्रेस असताना खादीच्या पुरस्कर्त्याचं तिकीट परदेशात छापावं, याबद्दल तेव्हाही लोक कुरकुरले असतील तर नवल नाही. दहा रुपयांच्या तिकिटाच्या १०० प्रतींवर ‘सर्व्हिस’ असं छापून ती गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी ठेवली गेली. राजगोपालाचारी तेव्हा त्या पदावर होते. आज त्या शंभरांतल्या मोजक्याच माहीत आहेत; २०१७ मध्ये विकली गेली ती चार एकत्र जोडलेली होती, म्हणून एवढी किंमत.

‘सर्व्हिस’ नसलेलं दहा रुपयांचं तिकीटही चांगल्या भावाने जातं, कारण १९४८ साली दहा रुपये ही हौसेने खर्च करायची रक्कम नव्हती. म्हणून नकलांचा सुळसुळाटही याच तिकिटात. खरं तिकीट ग्रॅव्ह्युअर पद्धतीचं आहे. दहापट भिंगाखाली रंगाची अतिशय बारीक, एकसारखी जाळी दिसते, चेहऱ्यावरची छाया विरघळत जाते. ऑफसेटच्या नकलेत निरनिराळ्या रंगांचे ठिपके वेगवेगळे उभे दिसतात. मग भोकं मोजायची. दोन सेंटिमीटरमध्ये जितकी भोकं, तो तिकिटाचा आकडा. इथे तो साडेअकरा आहे. मोजपट्टी बाजारात अगदी स्वस्तात मिळते आणि ती खिशात नसताना हे तिकीट विकत घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

किमतीचे आकडे लोक कॅटलॉगमधून काढतात आणि तिथेच फसतात. स्टॅनली गिबन्सच्या कॅटलॉगमध्ये छापलेला भाव हा निर्दोष प्रतीचा, दुकानदार ज्या किमतीला विकू पाहतो तो असतो. तुम्ही विकायला गेलात तर त्याचा एक भाग हाती येतो, साध्या तिकिटांच्या बाबतीत फारच छोटा. कॅटलॉगचा खरा उपयोग तुलनेला: कोणतं तिकीट कोणत्यापेक्षा किती दुर्मीळ, कोरं महाग की वापरलेलं. ताजा भाव हवा असेल तर गेल्या दोन-चार वर्षांतले लिलावांचे निकाल पाहावेत, मागितलेल्या नव्हे तर प्रत्यक्ष मिळालेल्या किमती. मोठ्या रकमेच्या तिकिटाला लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीसारख्या तज्ज्ञ मंडळाचं छायाचित्रासह प्रमाणपत्र जोडलेलं असावं लागतं. त्याला वेळ लागतो आणि पैसेही. पण उलटं मस्तक किंवा ‘सिंद डाक’ त्याविना कुणी हातात धरणार नाही.

राहता राहिली ती पत्रांची गाठोडी. भारतातली जुनी पाकिटं मुख्यतः व्यापाऱ्यांच्या पेढ्यांतून आली आहेत, कारण हुंड्या आणि हिशेबांचे कागद ते वर्षानुवर्षं सुतळीत बांधून ठेवत. किती गाठोडी रद्दीत गेली, त्याला हिशेब नाही. आपल्याकडे असं गाठोडं निघालं तर आतला कागदही फेकू नये. शिक्क्याची तारीख पुसट असली, तरी आत मोडीत मिती लिहिलेली असते. मोडी वाचणारा एखादा जाणकार गाठावा. पाकिटावर अर्ध्या आण्याचं निळं तिकीट आहे आणि आत शके १७७६, आश्विन महिना निघाला, तर ते पत्र देशभर तिकिटं सुरू झाली त्या पहिल्या काही आठवड्यांतलं ठरू शकतं. अशा वेळी पाकीट, पत्र आणि सुतळीला चिठ्ठी बांधलेली असली तर तीसुद्धा जशीच्या तशी, प्लास्टिकच्या पिशवीत न कोंबता, कोरड्या कागदी लखोट्यात ठेवावी आणि मगच जाणकाराला फोन करावा.